‘रिनोव्हेटेड ड्युप्लेक्स, महिना ४० हजार भाडं’ : गावाकडच्या घराचं हे गणित खरंच जमतं का?

फोनवर अशी जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. आधी ड्रोनमधून दिसणारी नारळी-पोफळीची वाडी. मग जांभ्याच्या भिंती, नवी कौलं, आत चकचकीत टाईल्स, माडीवर जाणारा लाकडी जिना. खाली किंमत : ६५ लाख. आणि शेवटी खरी ओढ लावणारी ओळ : ‘तळमजला भाड्याने, वरचा मजला पर्यटकांना. महिना ४० हजार. हप्ता भाड्यातूनच सुटेल.’

ही जाहिरात कुठल्या एका घराची नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडच्या गावांतल्या घरांसाठी अशा जाहिराती जशा येतात, त्यांचा हा नमुना आहे. आकडे आपण हिशेबासाठी धरलेले आहेत. पण असं घर विकत घ्यायला निघालेला माणूस मात्र ओळखीचा आहे. कोणी निवृत्तीचे पैसे हातात घेऊन उभा आहे, कोणी उपनगरातली खोली विकून. कोणाचं मूळ गाव शेजारच्या तालुक्यात आहे आणि ‘गावाला आपलं काहीतरी असावं’ ही इच्छा तीस वर्षं मनात आहे. जाहिरात याच इच्छेला ‘गुंतवणूक’ हे नाव देते आणि तिथेच गडबड सुरू होते.

आमचं म्हणणं थेट सांगतो. गावात घर घेण्यात चूक काहीच नाही. पण दुरुस्त करून विकायला काढलेलं दुमजली घर ही ‘बसून उत्पन्न देणारी’ गोष्ट नाही. तो एक छोटा हंगामी व्यवसाय आहे. तो चालवायला माणूस लागतो, पावसाळ्यात खर्च लागतो आणि त्याचा पाया जोत्याइतकाच कागदांत असतो. हे समजून पैसे टाकले तर ठीक. मुदत ठेवीला पर्याय म्हणून टाकले तर पस्तावण्याची शक्यता मोठी.

आधी एक प्रश्न : ड्युप्लेक्स म्हणजे नक्की काय?

या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि जाहिरातीत त्यांची सरमिसळ होते.

अमेरिकेत ड्युप्लेक्स म्हणजे एकाच इमारतीत दोन स्वतंत्र बिऱ्हाडं. दोन दरवाजे, दोन स्वयंपाकघरं, दोन मीटर. मालक एका बाजूला राहतो, दुसरी बाजू भाड्याने देतो. ‘ड्युप्लेक्स घ्या, भाड्यातून हप्ता फेडा’ ही कल्पना तिथली.

आपल्याकडे बिल्डरांच्या भाषेत ड्युप्लेक्स म्हणजे आतून जिना असलेलं, एकाच कुटुंबासाठीचं दुमजली घर. गावातलं जुनं माडीचं घर दुरुस्त केलं की तेही जाहिरातीत ड्युप्लेक्स होतं.

फरक शब्दाचा नाही, भाड्याचा आहे. जिना घरातून असेल तर खाली राहणाऱ्या कुटुंबाच्या ओटीवरून दर शनिवारी अनोळखी पर्यटक वर जाणार. असं घर कोणतंही कुटुंब वर्षभर भाड्याने घेणार नाही. म्हणून घर बघायला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत चार गोष्टी पाहा : वरच्या मजल्याला बाहेरून वेगळा जिना आहे का, दोन्ही मजल्यांना स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम आहे का, विजेचे मीटर दोन आहेत का आणि पाण्याची टाकी वेगळी आहे का. यातलं काही नसेल तर तुम्ही दोन भाड्यांचं नाही, एका भाड्याचं घर बघत आहात. ते दुहेरी करण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर येतो.

‘रिनोव्हेटेड’मध्ये काय येतं आणि काय राहून जातं?

नूतनीकरणाचा पैसा बहुधा जिथे कॅमेरा पोहोचतो तिथे खर्च होतो. टाईल्स, रंग, पुट्टी, जिप्समचं छत, मॉड्युलर किचन. जिथे कॅमेरा पोहोचत नाही त्या गोष्टी म्हणजे जोतं, भिंतींतली ओल, छपराचे वासे, वायरिंग आणि शोषखड्डा.

कोकणात याला वेगळं महत्त्व आहे. इथे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी शोषतो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुनी चुन्याची दर्जबंदी या ये-जा करणाऱ्या ओलीला वाट देते. त्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा आणि वर पुट्टी चढवली की ओल आतच अडकते. मार्चमध्ये भिंत छान दिसते, ऑगस्टमध्ये पोपडे येतात. लाकूड त्याच भिंतीला टेकलेलं असेल तर वाळवीला वाट मिळते.

दुसरी गोष्ट वजनाची. जुन्या घरांची माडी लाकडी तुळया आणि फळ्यांची असते, म्हणजे हलकी. काही घरांत दुरुस्तीच्या वेळी ती काढून काँक्रीटचा स्लॅब टाकला जातो. पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भरतं. सहाशे चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे सुमारे १७ टन आणि त्यात बीम, भिंती, फर्निचर धरलेलं नाही. हे वजन जुन्या दगडी भिंती आणि त्यांचा पाया पेलतो का, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल लागतो. विकणाऱ्याकडे तो नसेल तर स्वतःचा इंजिनीअर घेऊन जा. त्याची फी ६५ लाखांपुढे किरकोळ आहे.

विकणारा फसवतोच आहे असं नाही. त्याने खरोखर पैसे घातलेले असतात. पण तो हिशेब त्याच्या खर्चाचा आहे, घराच्या उरलेल्या आयुष्याचा नाही.

महिना ४० हजार येतात कुठून?

जाहिरातीतला आकडा उलगडून पाहू. तळमजल्याचे १२ हजार, वरच्या मजल्याचे २८ हजार. वरच्या मजल्याचा दर रात्रीला दोन हजार धरला तर महिन्याला १४ रात्री, वर्षाला १६८ रात्री भरायला हव्यात. म्हणजे जवळजवळ एक दिवसाआड पाहुणा आणि तोही जुलै-ऑगस्टसह.

आता खरा हंगाम पाहा. मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. समुद्रासाठी येणारा पर्यटक त्या काळात फिरकत नाही. गणपतीत गाव भरतं, पण चाकरमानी स्वतःच्या घरी उतरतो, भाड्याच्या खोलीत नाही. दिवाळीची सुटी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, जोडून आलेल्या सुट्या आणि मे महिना, हा मुख्य धंदा. बाकी शनिवार-रविवार.

‘पण आता विमानतळ आहेत, वंदे भारत आहे’ असं सांगितलं जातं. खरं आहे. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ २०२१ मध्ये, गोव्यातला मोपा २०२३ मध्ये सुरू झाला. मुंबई-मडगाव वंदे भारत जून २०२३ पासून धावते. पण ज्या सोयीने पर्यटक तुमच्या गावाजवळ येतो, त्याच सोयीने तो पुढे गोव्यालाही जातो. आणि ती सोय पाहून शेजारच्या चार घरांनीही खोल्या काढलेल्या असतात. मागणी वाढली तरी ती तुमच्याच दारात येईल, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तळमजल्याचा भाडेकरू कोण, हाही प्रश्नच. गावात वर्षभर भाड्याने राहणारे मोजके असतात : शिक्षक, बँकेतले कर्मचारी, आरोग्य केंद्रातले डॉक्टर-परिचारिका, एमआयडीसीतले कामगार, कॉलेजची मुलं. त्यांना कामाच्या जागेजवळ घर हवं असतं, समुद्राजवळ नाही. कुडाळ, ओरोस, चिपळूण, लोटे अशा ठिकाणांच्या आसपास ही मागणी असते. तिथून पंचवीस किलोमीटर आतल्या वाडीत ती नसते. त्यामुळे एजंटला विचारू नका. गावातल्या शाळेत, बँकेत आणि चहाच्या टपरीवर विचारा : इथे भाड्याने कोण राहतं आणि किती देतं? उत्तर ‘कोणी नाही’ असं आलं तर तळमजल्याचं भाडं हिशेबातून काढून टाका.

मग हातात किती उरतं?

कागद-पेन घेऊन बसू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या घराचे घालून पाहा.

घराची किंमत ६५ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, मोजणी, पलंग-गाद्या, फ्रिज, इन्व्हर्टर मिळून आणखी ७ लाख. म्हणजे तुमची खरी गुंतवणूक ७२ लाख. जाहिरातीतला परतावा नेहमी ६५ वर काढलेला असतो, ७२ वर नाही.

वर्षाचं उत्पन्न :
• तळमजला : ९ हजार × ११ महिने (एक महिना रिकामा) = ९९ हजार
• वरचा मजला : ८० रात्री × २ हजार = १ लाख ६० हजार
• एकूण : २ लाख ५९ हजार

वर्षाचा खर्च :
• साफसफाई आणि देखभालीचा माणूस, महिना ५ हजार : ६० हजार
• बुकिंग अॅपचं कमिशन, १५ टक्के धरून : २४ हजार
• वीज, इंटरनेट, धुलाई, गॅस : ३० हजार
• घरपट्टी, पाणीपट्टी, विमा : १० हजार
• पावसाळ्याआधी कौलं चाळणं, रंग, वाळवीची फवारणी, पंप, शोषखड्डा : ५० हजार
• एकूण : १ लाख ७४ हजार

हातात उरले ८५ हजार. ७२ लाखांवर हा परतावा १.२ टक्क्यांच्या आसपास.

हिशेब फारच कंजूष वाटतो? ठीक. वरच्या मजल्याच्या १२० रात्री भरल्या असं धरू. उत्पन्न ३ लाख ३९ हजार होतं. कमिशन आणि वीज-धुलाई वाढून खर्च १ लाख ९२ हजार होतो. उरतात १ लाख ४७ हजार, म्हणजे २ टक्के. जाहिरातीतले ४० हजार महिना म्हणजे ६५ लाखांवर ७.४ टक्के होते. दोन्हींतला फरक कोणी चोरलेला नाही. तो रिकाम्या रात्रींमध्ये, कौलांमध्ये आणि गाद्या-चादरींमध्ये गेला आहे.

बँकेतली साधी मुदत ठेव याहून जास्त देते आणि तिची कौलं दरवर्षी चाळावी लागत नाहीत.

‘हप्ता भाड्यातून सुटेल’ हे कितपत खरं?

समजा ७२ पैकी ४० लाखांचं कर्ज काढलं. ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता साधारण ३६ हजार. जाहिरातीतल्या ४० हजारांत तो अगदी बेतून बसतो, म्हणून ते वाक्य इतकं पटतं.

पण वर्षाचा हप्ता होतो ४ लाख ३२ हजार. हातात उरणारं भाडं ८५ हजार ते दीड लाख. म्हणजे दरवर्षी २ लाख ८५ हजार ते साडेतीन लाख रुपये पगारातून किंवा पेन्शनमधून घालायचे. पगार चालू असताना हे जमेल. पंचावन्नाव्या वर्षी काढलेलं कर्ज निवृत्तीनंतरही डोक्यावर असेल तर जमेल का, हे घर बघायला जायच्या आधी ठरवायला हवं.

एक उपयोगाची खूण सांगतो. कर्ज लागत नसलं तरी दोन बँकांत चौकशी करा. बँकेचे वकील कागद तपासतात. ‘या मिळकतीवर कर्ज देता येणार नाही’ असं उत्तर आलं, तर ते उत्तर व्याजदरापेक्षा महत्त्वाचं आहे.

कागदांची दुरुस्ती झाली आहे का?

भिंती रंगवता येतात, कागद नाही. गावातल्या घराच्या व्यवहारात खरा धोका इथे आहे.

पहिला गैरसमज ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा. घरपट्टीच्या या उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी आहे, असं सर्रास धरलं जातं. तसं नाही. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घराखालची जमीन कोणाची, हे सातबारा, ८अ किंवा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका सांगते. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली, ती याचसाठी. ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. तुमच्या गावात ते काम झालं असेल तर मिळकत पत्रिका मागाच.

दुसरी गोष्ट सह्यांची. जुनं घर बहुतेक वेळा वडिलोपार्जित असतं. ते एका भावाने दुरुस्त केलं म्हणून ते त्याच्या एकट्याचं होत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. म्हणजे लग्न होऊन डोंबिवलीला गेलेल्या आत्याची आणि बडोद्याच्या बहिणीची सहीसुद्धा लागते. ‘त्यांचं काही म्हणणं नाही’ हे तोंडी आश्वासन पुरत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं किंवा त्यांनी खरेदीखतावर सही करायला हवी.

समजा एकाच भावाचा अविभक्त हिस्सा तुम्ही विकत घेतला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. पैसे दिलेत, कागद झालाय, पण दारातून आत जाण्यासाठी आधी वाटपाचा दावा. असा दावा किती वर्षं चालतो, हे कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा.

सातबाऱ्यावर आणखी दोन ठिकाणी नजर टाका. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव, बोजा किंवा वहिवाटीची नोंद आहे का? आणि भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असेल तर विक्रीसाठी सरकारी परवानगी लागते. घरासोबत वाडीची शेतजमीन मिळणार असेल तर तुम्ही स्वतः शेतकरी आहात का हा प्रश्न येतो. महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. रील्समधली ‘अर्धा एकर नारळाच्या बागेसह’ ही ओळ त्यामुळे सगळ्यांसाठी नसते.

शेवटी रस्ता, पाणी आणि हद्द. घरापर्यंतची पाणंद नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या परवानगीवर? विहीर तुमच्या हद्दीत आहे की सामाईक? एप्रिल-मेमध्ये तिला पाणी असतं का? मे महिना हाच पर्यटनाचा हंगाम आणि पाण्याच्या टंचाईचाही.

वरचा मजला आधीपासून होता की नंतर चढवला?

भाड्याचा मोठा भाग वरच्या मजल्यावर अवलंबून आहे. म्हणून हा प्रश्न वेगळा विचारायला हवा. दुरुस्तीच्या नावाखाली मजला वाढवला असेल तर त्याची बांधकाम परवानगी दाखवायला सांगा.

घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचे नियम लागतात. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे. दाट वस्तीच्या गावांत हा पट्टा ५० मीटरचा आहे. या पट्ट्यातल्या जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण मूळ जोतं आणि मूळ क्षेत्रफळ न वाढवता. म्हणजे तिथे चढवलेला नवा मजला भाडं देईलही, पण तक्रार झाली तर नोटीस घराच्या नव्या मालकाला येईल.

‘रेरा’ आपल्याला वाचवेल का?

इथे नाही. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरांची संख्या आठपर्यंत असेल तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. एका मालकाने दुरुस्त करून विकलेलं एकटं घर या चौकटीत येतच नाही. रेरा कायद्याने नव्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. दुरुस्त केलेल्या जुन्या घरात असं संरक्षण तुम्हाला आपोआप मिळत नाही. म्हणून वायरिंग, छप्पर आणि गळती यांची हमी किती काळ आणि कोणाची, हे करारातच लिहून घ्या. विकणारा लिहून द्यायला तयार नसेल तर त्याचाही अर्थ लावता येतो.

भाड्याने देताना कुठले नियम लागतात?

तळमजल्याचा अकरा महिन्यांचा करार साध्या स्टॅम्पपेपरवर करून भागतं, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाऊ शकतं. खर्च फार नाही : मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के.

वरच्या मजल्यावर पर्यटक ठेवायचे तर पर्यटन विभागाकडे होमस्टे किंवा निवास-न्याहारी म्हणून नोंदणी करा. या योजनांमागची मूळ कल्पना घरातलं कुटुंब पाहुण्यांना सांभाळतं अशी आहे. मालक दादरला आणि किल्ली शेजारी, ही व्यवस्था त्यात बसते का हे आधी विचारा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. घरगुती मीटरवर व्यवसाय चालवला तर महावितरणची आकारणी बदलू शकते.

कराचं थोडक्यात : भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, मग ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही, तो या ३० टक्क्यांतच आला. कर्जाचं व्याज वजा होतं. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. ‘हप्ता भरा, कर वाचवा’ असं कोणी सांगत असेल तर कुठल्या प्रणालीत, एवढं विचारा. आणि व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची आहे.

‘भाडं राहू द्या, किंमत तर वाढेलच ना?’

वाढेलही. पण वाढते ती जमिनीची किंमत. बांधकाम दरवर्षी जुनं होतं आणि ६५ लाखांतला मोठा हिस्सा दुरुस्त बांधकामाचा असेल तर वाढीचा पाया लहान राहतो. त्याच गावात मोकळ्या जागेचा गुंठ्याचा भाव काय, हे विचारलं की घराच्या किमतीत जमीन किती आणि टाईल्स किती हे कळतं.

शिवाय शहरातला फ्लॅट आणि वाडीतलं घर यांत विकण्याचा फरक आहे. घरात आजारपण आलं आणि तीन महिन्यांत पैसे उभे करायचे झाले, तर गावातल्या ६५ लाखांच्या घराला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराला महागाईच्या निर्देशांकाचा फायदा मिळत नाही.

आणि हवामान. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं. छपरं उडाली, वर्षानुवर्षं जोपासलेल्या पोफळीच्या बागा झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनारा झोडपला. विम्याचा हप्ता हा खर्चातला टाळण्याजोगा भाग नाही.

मग घ्यायचं की नाही?

तीन गोष्टी जुळत असतील तर जरूर घ्या. एक, तुम्ही किंवा विश्वासातलं माणूस तासाभराच्या अंतरावर राहतं. दोन, वर्षभर राहणारा भाडेकरू मिळेल अशी नोकरीची जागा जवळ आहे आणि तुमचा हिशेब फक्त त्याच भाड्यावर उभा राहतो. पर्यटकांचे पैसे वरकड. तीन, कर्ज नाही किंवा इतकं कमी आहे की भाडं शून्य झालं तरी हप्ता चुकणार नाही.

किंवा चौथं कारण : तुम्हाला तिथे राहायचं आहे. मे महिना नातवंडांबरोबर, गणपतीचे पाच दिवस भावंडांबरोबर घालवायचे आहेत. हे कारण भाड्याच्या हिशेबापेक्षा कमी दर्जाचं नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. तो खर्च आहे आणि तो परवडतो का, एवढाच प्रश्न आहे. निवृत्तीच्या सगळ्या पैशांतून तो करू नये. घर हौसेचं असलं तरी औषधांचा खर्च त्यातून निघत नाही.

निर्णय होत नसेल तर विकणाऱ्याला एक प्रस्ताव देऊन पाहा : ‘वरचा मजला मला जूनपासून वर्षभर भाड्याने द्या. जाहिरातीत म्हणता तेच २८ हजार महिना घ्या, पाहुण्यांचं काय ते मी बघतो.’ वर्षाला होतील ३ लाख ३६ हजार. हे पैसे गेलेच, तरी ७२ लाख अडकवून शिकण्यापेक्षा हा धडा स्वस्त आहे. त्या वर्षात पाऊस कुठून गळतो, विहिरीला मेमध्ये पाणी किती, पाहुणे किती आणि शेजारी कसे, हे सगळं कळेल.

एवढं जमत नसेल तर निदान घर बघायची तारीख बदला. डिसेंबरच्या उन्हात नको, जुलैच्या मध्यात जा. एक रात्र तिथे राहा. सकाळी भिंतीला तळहात लावून पाहा, माळ्यावर टॉर्च मारा आणि मग सातबारा मागा.